चौदाव्या मजल्यावरचं बोलणं

कडककाकूंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस वस्तीत उरलं नव्हतं. हे नाव त्यांना इस्त्रीमुळे पडलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या शर्टाची कॉलर अशी ताठ उभी राहायची की घालणाऱ्याला मान वाकवणं जड जावं. आणि जीभही तशीच. दोन्हींचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

त्यांचा ठेला मोठ्या रस्त्यापलीकडे, उंच इमारतींच्या फाटकाशेजारी, जनरेटरच्या खोलीला पाठ लावून होता. वर पत्रा, खाली टेबल, टेबलावर घडी घातलेली घोंगडी आणि तिच्यावर जळक्या डागांची पांढरी चादर. इस्त्री कोळशाची, कारण भिंतीपलीकडे अख्ख्या इमारतीची वीज असली तरी तिची एक वायर अलीकडे द्यावी असं कुणाला कधी वाटलं नाही. रस्त्याच्या अलीकडे वस्ती. काकू सकाळी रस्ता ओलांडून जायच्या आणि दिवस कलला की परत यायच्या. येताना खांद्यावर मळक्या कपड्यांचं गाठोडं असायचं आणि तोंडात ताज्या बातम्या.

या बातम्यांना वस्तीत मोठा भाव होता. बाकीच्यांची धाव पलीकडच्या फाटकापर्यंत, फार तर जिन्यापर्यंत. काकू कपडे घेऊन थेट घरात जायच्या. शिकलेली माणसं ताप आला की काय करतात, पोरांना कोणत्या शाळेत घालतात, कशाला घाबरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. त्यामुळे वस्तीत कुणाचं काही अडलं की पावलं काकूंच्या दाराकडे वळायची. कोणत्या दवाखान्यात जावं इथपासून नवऱ्याशी भांडून आलेल्या मुलीला किती दिवस ठेवून घ्यावं इथपर्यंत सगळ्याचा निकाल त्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या लावत. त्यांचा निकाल पुष्कळदा बरोबरही निघायचा. खोटं कशाला बोलायचं?

काकूंना स्वतःचं मूल नव्हतं. दीर आणि जाऊ एकापाठोपाठ गेले तेव्हा मागे राहिलेली पुतणी फ्रॉकात होती. ती काकूंनी वाढवली. टेबलाखाली गाठोड्यावर निजून, दुपारी लोकांच्या उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत ती मोठी झाली. पुढे काकूंचे यजमानही गेले आणि दोघीच उरल्या. पुतणीचं लग्न काकूंनी फरशी बसवणाऱ्या एका गवंड्याशी लावून दिलं. अट एकच घातली, बिऱ्हाड याच गल्लीत करायचं. जावई हसून म्हणाला होता, "तुम्ही म्हणाल त्या खोलीत राहतो काकू. फक्त माझ्या कपड्यांना इस्त्री करू नका. सिमेंटात कॉलर उभी करून कुणाला दाखवू?"

त्यांना मुलगी झाली. गोल चेहऱ्याची, लाकडी बाहुलीसारखी ठसठशीत. काकूंनी तिला पहिल्याच दिवशी ठकी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

ठकीला सुरुवातीच्या लशी वेळेवर मिळाल्या. वस्तीच्या टोकाला एक वाचनालयाची खोली होती. पुस्तकं कधीच गेली होती, फळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. तिथे ठरलेल्या दिवशी सकाळी सिस्टर बर्फाची पेटी घेऊन बसायच्या. त्यांच्याकडे अशा कितीतरी वस्त्या होत्या आणि हाताखाली कुणी नव्हतं. घरकाम करणाऱ्या बायका पोरं कडेवर घेऊन तिष्ठत उभ्या राहायच्या. कुणाचा अर्धा खाडा व्हायचा, कुणाचा पूर्ण. रांग पुढे सरकेना झाली की सगळ्यांचीच डोकी तापायची, सिस्टरचं सगळ्यात आधी.

एकदा टोचून आणल्यावर ठकीची मांडी सुजली. ताप भरला, पोर रडून रडून निळी झाली. असं होतं, दोन दिवसांत ओसरतं, हे कुणी पुतणीला सांगितलं नव्हतं. ओसरलं खरं, पण तोवर तिच्या जिवाचं पाणी झालं होतं. पुढच्या खेपेला तिने धीर करून विचारलं.

"सिस्टर, मागच्या वेळी हिची मांडी लाकडासारखी झाली होती. असं का झालं?"

"होतं तसं. चला, पाय धर तिचा."

"पण हे नेमकं कशासाठी असतं? अजून किती वेळा द्यायचं?"

सिस्टरने सुईवरची नजर काढली नाही. "तुला सांगून कळणार आहे का? मागे रांग बघ. द्यायचं असेल तर दे, नाहीतर घरी जा. उद्या पोर आजारी पडलं की पुन्हा आमच्याच नावाने शंख कराल."

रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं. पण दुसऱ्याला बोलणी बसली की आपण सुटलो म्हणून माणूस हसतं, त्यातलंच ते. पुतणीने ठकीला टोचून घेतलं आणि मान खाली घालून घरी आली. कानशिलं लाल झाली होती.

"काकू, मी पुन्हा त्या खोलीत पाय ठेवणार नाही."

"नको ठेवूस," काकू म्हणाल्या. त्यांना राग आला होता. हातावर वाढवलेल्या पोरीला चारचौघांत कुणी तरी अडाणी ठरवलं होतं. "आपल्याला काय तेवढी एकच जागा आहे का? मी विचारते पलीकडे."

गोवराची लस द्यायची वेळ जवळ आली होती. काकूंनी विचारायचं मनावर घेतलं.

चौदाव्या मजल्यावर एक आर्किटेक्टबाई राहायच्या. त्यांचा मुलगा ठकीच्याच वयाचा, दोघांत जेमतेम आठवड्याचं अंतर. बाई स्वभावाने चांगल्या होत्या. काकूंना 'मावशी' म्हणायच्या, बसायला खुर्ची द्यायच्या, चहा स्वतः करायच्या. भिंतीला छतापर्यंत पुस्तकं. काकू त्या दिवशी चादरींची चवड घेऊन गेल्या तेव्हा बाई फोनवर बोलत होत्या. मूल खांद्यावर, केस विस्कटलेले, डोळे जागरणाने सुजलेले. "नाही गं, मी नाही देत आहे," असं काहीसं काकूंच्या कानावर पडलं. फोन ठेवल्यावर काकूंनी विषय काढला.

"बाई, ते गोवराचं टोचतात, ते बाळाला दिलंत का हो?"

"काय सांगू मावशी. सध्या थांबवलंय. एक मैत्रीण रोज काही ना काही वाचायला पाठवते, वाचलं की झोप उडते. एवढ्याशा जिवाला किती टोचायचं, असं वाटतं." मग मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत त्या म्हणाल्या, "बघू. अजून ठरवलं नाहीये."

काकू खाली उतरल्या, रस्ता ओलांडला आणि वस्तीत आल्या. तेवढ्या वाटेत 'अजून ठरवलं नाहीये' हे तीन शब्द कुठेतरी गळून पडले. त्यांनी मुद्दाम टाकले असंही नाही. गोष्ट सांगताना माणूस अर्धवट गोष्ट सांगत नाही, तिला शेवट लावतो. पुतणीच्या उंबऱ्यावर बसून काकूंनी शेवट लावला.

"अगं, चौदाव्या मजल्यावरच्या बाईंनी साफ नकार दिलाय. एवढी शिकलेली बाई! घरात पुस्तकं रचलीत, आपल्या घरात तेवढ्या विटा नाहीत. ती देत नाही पोराला, मग काहीतरी असेलच ना?"

"मग नको देऊ मी?"

"माझं विचारशील तर थांब. ताप येऊन पोर हातची जायची वेळ आली होती मागे. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकूनच प्यावं."

पुतणी थांबली. तिच्या मनावरचं ओझंच उतरलं. त्या खोलीत जायचं नव्हतंच तिला, आता न जाण्याला कारणही मिळालं.

आणि गोष्ट काय एका घरात राहते? नळावर गेली, पिठाच्या गिरणीत गेली. प्रत्येक तोंडाने तिला चिमूटभर मीठमिरची लावली. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत 'पलीकडे कुणीच आपल्या पोरांना टोचत नाही, हे सगळं आपल्याच पोरांसाठी काढलंय' अशी झाली. काकूंच्या कानावर ती त्या रूपात परत आली तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही. उलट "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाल्या.

वाचनालयाच्या खोलीपुढची रांग आटली. मग सिस्टर एक दिवस पेटी घेऊन घरोघर हिंडायला निघाल्या. काकूंचा त्या दिवशी ठेला बंद होता. गल्लीच्या तोंडाशीच दोघींची गाठ पडली.

"काकू, तुमचं ऐकतात सगळे. जरा सांगा यांना," सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बराच मऊ होता.

"मी काय सांगू? मला सांगून कळणार आहे का?"

सिस्टरला आपलेच शब्द ओळखू आले की नाही, कोण जाणे. त्या म्हणाल्या, "गोवर वाईट असतो हो. शेजारच्या भागात निघालाय."

"मग आधी समोर जा. लिफ्ट आहे, पाय दुखायचे नाहीत. तिथल्या पोरांना टोचा आणि मग आमच्याकडे या."

दारादारांत उभ्या असलेल्या बायका खळखळून हसल्या. सिस्टर पेटी सावरून पुढे गेल्या. दोनचार घरांनी दार उघडलं, बाकीच्यांनी नाही. संध्याकाळी नळावर एकच चर्चा होती की काकूंनी आज सिस्टरला कशी कडक इस्त्री फिरवली. काकू त्या रात्री समाधानाने झोपल्या. पुढे आयुष्यभर त्यांना त्या झोपेची लाज वाटत राहिली.

वर्ष सरलं. ठकी चालायला लागली, मग बोलायला. बापाने दारातून शीळ घातली की हातातलं टाकून धावायची. काकूंना 'कायू' म्हणायची आणि ठेल्यावर आली की पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून कपड्यांवर शिंपडायची. काकू तिला रागावायच्या आणि ओला झालेला कपडा मुद्दाम तिच्यापुढे सरकवायच्या.

मग गोवर आला. आधी एका घरात, मग तीन घरांत, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. पोरांचे डोळे लाल, नाकातून पाणी, अंगभर पुरळ. भिंतीला भिंत लागलेली, एका खोलीत पाचसहा माणसं. आजार काय, शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू येतो तितक्या सहज पलीकडे जायचा. बरीच पोरं आठपंधरा दिवसांत उठून बसली. सायकल दुरुस्त करणाऱ्याचं तान्हं बाळ मात्र उठलं नाही. त्याला तर लस द्यायचं वयच झालं नव्हतं. भोवतालच्या मोठ्या पोरांनी ती घेतली असती तर आजार त्या पाळण्यापर्यंत पोचला नसता, हे काकूंना पुष्कळ उशिरा कळलं.

ठकीचं पुरळ मावळलं, पण ताप गेला नाही. एका दुपारी तिने डोळे फिरवले आणि अंग ताठ केलं. जावई कामावरून सिमेंटच्या हातांनी धावत आला, तिला उचलून मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. मेंदूला सूज आहे, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

काकूंनी ठेला बंद ठेवला. पुतणीजवळ आळीपाळीने बसायचं, डबा न्यायचा, आणायचा. पण लोकांचे कपडे घरात पडून होते, ते पोचवणं भाग होतं. म्हणून मधल्या एका दिवशी त्या गाठोडं घेऊन चौदाव्या मजल्यावर गेल्या.

"कुठे होतात मावशी? आजारी होतात का?" बाईंनी दार उघडत विचारलं. मुलगा त्यांच्या पायाला बिलगून उभा होता.

"पुतणीची मुलगी इस्पितळात आहे. गोवर झाला होता."

बाईंचा हात आपसूक मुलाकडे गेला. त्यांनी त्याला मागे ओढलं. मग स्वतःशीच हसल्यासारखं करून सोडून दिलं. "घाबरलेच मी. ह्याची तर लस झालीय." आणि लगेच गंभीर होऊन, "कशी आहे ती आता?"

काकूंनी विचारलं, "कधी झाली लस?"

"ह्याची? केव्हाच. वर्ष उलटून गेलं असेल."

"तुम्ही तर म्हणाला होतात, देणार नाही."

"मी?" बाईंनी आठवून पाहिलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. "हो, म्हणाले असेन. दोनेक आठवडे फार घाबरले होते मी. मग आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बिचाऱ्यांनी अर्धा तास समोर बसवून घेतलं, कागदावर चित्र काढून समजावलं, माझे सगळे वेडे प्रश्न ऐकून घेतले. तिथेच टोचून घेऊन आले." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "का हो मावशी?"

काकूंच्या हातात त्याच मुलाचे छोटे शर्ट होते, घडी घातलेले. ते त्यांनी खुर्चीवर ठेवले.

"मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"काय?"

"दिली ते."

बाईंना हळूहळू उमगलं. त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, मला काय माहीत तुम्ही ते मनावर... मी सहज बोलले होते. तुम्ही पुन्हा विचारलं असतंत तर..." मग गाडी देते, ओळखीच्या डॉक्टरांना फोन करते, असं पुष्कळ काही म्हणाल्या, आणि त्यातलं बरंचसं त्यांनी केलंही. बाई वाईट नव्हत्या. त्यांना घाबरायची सवड होती आणि घाबरल्यावर जाऊन विचारायला एक माणूस होता, एवढंच.

लिफ्टमध्ये काकू खाली बसल्या. वरखाली जाणारी माणसं त्यांच्याकडे बघत होती. वर्षभर त्या त्याच घरी, दर आठवड्याला जात होत्या. त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, "बाई, मग ठरलं का काही?" विचारावंसं वाटलंच नव्हतं. आपण सांगितलेली गोष्ट खरीच आहे, अशी त्यांची केव्हाच खात्री झाली होती.

ठकी वाचली. महिन्याभराने घरी आली, बारीक झालेली, पाय लटपटणारी. गल्लीतल्या सगळ्यांनी आनंद केला. चौथ्या का पाचव्या संध्याकाळी जावई कामावरून आला आणि त्याने दारातून नेहमीसारखी शीळ घातली. ठकी भिंतीकडे तोंड करून डब्याच्या झाकणांशी खेळत होती. ती वळली नाही. त्याने पुन्हा शीळ घातली. मग आत येऊन तिच्या मागे उभं राहून जोरात टाळी वाजवली. पुतणी स्वयंपाक करता करता थांबून बघत होती. काकूही तिथेच होत्या. जावई खाली बसला आणि त्याने पोरीच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती दचकून वळली आणि बापाला बघून हसली.

कान गेले ते गेलेच. तपासण्या झाल्या, यंत्रं लावून पाहिली. जेवढे शब्द शिकली होती तेवढे ती काही दिवस बोलली, मग तेही एकेक करून विसरली.

काकूंनी पुतणीला सगळं सांगितलं. तपासणीसाठी इस्पितळात गेल्या होत्या, ठकी आत होती आणि दोघी बाहेर बाकावर बसल्या होत्या. बाई काय म्हणाल्या होत्या, त्यातलं आपण काय आणलं आणि काय वाटेत सांडलं, बाईंनी मग काय केलं, काहीही न लपवता सांगितलं. पुतणी ऐकत राहिली. ठकीचा स्वेटर तिच्या मांडीवर होता, त्याची बटणं ती लावत होती आणि काढत होती.

मग ती म्हणाली, "तू काही माझा हात धरून ठेवला नव्हतास, काकू."

"तरी पण..."

"पण तू 'जा' म्हणाली असतीस तर मी गेले असते. ती सिस्टर कितीही बोलली असती तरी गेले असते."

ती ओरडली असती, बोलणं टाकलं असतं, तर काकूंना सोसलं असतं. तसं काही झालं नाही. पुतणी पहिल्यासारखीच येत-जात राहिली, डबा पाठवत राहिली, काकूंचं अंग दुखलं तर चेपून देत राहिली. फक्त तिने काकूंना काही विचारायचं बंद केलं. आधी डाळीत मीठ किती घालू इथपासून सगळं विचारणारी पोर. आता ठरलेलं सांगायची. "आम्ही असं करतोय." बस.

एके दिवशी काकू वाचनालयाच्या खोलीत गेल्या. सिस्टर एकट्याच बसल्या होत्या. गोवर येऊन गेल्यावर थोडी माणसं यायला लागली होती, पण रांग म्हणावी अशी नव्हती. काकू समोरच्या स्टुलावर बसल्या.

"ठकीचं कळलं मला," सिस्टर म्हणाल्या.

"माझ्या तोंडामुळे झालं," काकू म्हणाल्या आणि चौदाव्या मजल्यावरच्या बाईंचं, त्यांच्या डॉक्टरांचं सगळं त्यांनी सांगितलं.

सिस्टरने पेटीचं झाकण लावलं. "तुमच्या पुतणीने मला दोन साधे प्रश्न विचारले होते. मला आठवतंय. आदल्या रात्री मुलाला ताप होता म्हणून घरी जागरण झालं होतं, सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. ही कारणं झाली. तिला उत्तर द्यायला मला कितीसा वेळ लागला असता?" मग म्हणाल्या, "समोरच्यांचा डॉक्टर अर्धा तास देतो. मी अर्धं मिनिट देऊ शकले नाही."

एकमेकींना बोल लावायला दोघींकडेही जागा नव्हती.

मग काकू सिस्टरबरोबर घरोघर फिरल्या. हे सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. ज्या तोंडाचं लोकांनी 'नको' ऐकलं त्या तोंडाचं 'हो' का ऐकणार नाहीत? पण तसं होत नाही. एका दारात गिरणीवाला उभा होता. तो म्हणाला, "काकू, परवा एक, आज एक. उद्या काय सांगणार, तेही आजच सांगून टाका, म्हणजे फेरा वाचेल." त्याने ते हसत म्हटलं, आणि दार लावून घेतलं. एकीने तर सरळ विचारलं, "किती देतात तुम्हाला फिरायचे?" काकूंच्या तोंडाशी जुन्या धाटणीचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

काहींनी ऐकलं. ठकीला त्यांनी पाहिलं होतं. काकूंच्या बोलण्यापेक्षा त्याचाच परिणाम जास्त. बाकीची घरं राहिली ती राहिलीच. सायकलवाल्याच्या दारापुढून जाताना काकू पाय उचलायच्या. त्या घरातल्यांनी त्यांना कधी काही म्हटलं नाही. कदाचित गोष्ट कुठून सुरू झाली हे त्यांना माहीतच नसेल. एकदा काकू ते सांगायला म्हणून तिथे गेल्या, बाळाच्या आईने पाणी दिलं, आणि काकू पाणी पिऊन परत आल्या.

ठकी पाच वर्षांची झाली तेव्हा ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे असं कळलं. पुतणी आणि जावयाने तिकडे खोली बघितली, सामान बांधलं आणि मग काकूंना सांगितलं. याच गल्लीत राहायची अट घातलेल्या काकू म्हणाल्या, "बरं केलंत." टेम्पोत गाद्या चढवायलाही लागल्या.

ठेला अजून चालतो. चौदाव्या मजल्यावरचा मुलगा शाळेत जातो. त्याचे शर्ट दर वर्षी एका मापाने मोठे होतात, काकू त्यांना इस्त्री करतात. त्या मुलाचा त्यांना राग येत नाही. त्याच्या आईचाही नाही. कधी कधी बाही सपाट करताना त्यांचा हात थांबतो, मग कोळसा निवेल म्हणून त्या पुन्हा हात चालवतात. नळावर कुणी काही विचारलं तर "मला नाही बाई माहीत, त्यातल्या माणसाला विचार," म्हणतात. लोकांना ते आवडत नाही. म्हातारी झाली, आता काही सांगत नाही, असं म्हणतात.

ठेल्याच्या सुट्टीच्या दिवशी काकू दोन बस बदलून पुतणीकडे जातात. ठकी आता हातांनी भराभरा बोलते. काकूंना त्यातलं थोडं येतं. जेव, ये, झोप, पुरे. बोटं म्हातारी, वळत नाहीत, काहीतरी भलतंच बोलून जातात. ठकी हसून त्यांची बोटं धरते आणि नीट करून देते.

मध्यंतरी पुतणीला दुसरं मूल झालं, मुलगा. काकू बघायला गेल्या तेव्हा पुतणी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बोलता बोलता म्हणाली, "परवा ह्याला लस देऊन आणली. पहिल्या सगळ्या झाल्या."

"हो का," काकू म्हणाल्या.

कुठे नेलं, कोण होतं, काय म्हणाले, असं पुष्कळ विचारायचं त्यांच्या मनात आलं. पण पुतणीने सांगून टाकलं होतं आणि ती पुढच्या कपड्याकडे वळली होती. काकूंनी ढिगातला एक छोटा सदरा उचलला, मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केला आणि त्याची घडी घातली. मग दुसरा उचलला. बसची वेळ होईपर्यंत दोघी तशाच बसून घड्या घालत होत्या.